पिवळं दार, खाली निळी पट्टी

आमच्या दवाखान्याच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारतो. नाव काय, वय किती, राहता कुठे. चोवीस वर्षं हेच करतोय. पण गोदामाकडून आलेल्या एकाही माणसाने या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं कधी दिली नाहीत. नाव विचारलं की आधी मागे वळून बघणार. वय 'असेल तीस-बत्तीस'. आणि पत्ता विचारला की ताप अंगात घेऊन तसाच परत जाणार. मी चिडायचो. म्हणायचो, अरे, औषध फुकट देतोय, पत्ता सांगायला तुमच्या जिभेला काय धाड भरली?

मग ताई आल्या. आमच्या फिरत्या नर्स. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, उंचीने माझ्या खांद्याला जेमतेम लागतात, पण सगळा दवाखाना त्यांना ताईच म्हणतो, मीसुद्धा. पहिल्याच महिन्यात त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, गोदामातल्या माणसांना तुम्ही काही विचारू नका. त्यांचं मी बघते."

"आणि केसपेपरवर काय लिहू? माझं नाव?"

"लिहा की. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांची चेष्टा अशी असते, हसू येईपर्यंत बाई निघून गेलेली असते.

गोदाम म्हणजे शहराच्या कडेचं जुनं कापसाचं गोदाम. मालकाने आत प्लायवूड ठोकून मधलं अंगण सोडून चारी बाजूंनी त्रेचाळीस खोल्या काढल्या. दारं आणली पाडलेल्या घरांची, मिळतील तशी. त्यामुळे एक दार दुसऱ्यासारखं नाही. कुठे कोरीव चौकट, कुठे दुकानाचं अर्धं शटर, कुठे शाळेचं असावं तसं खडूच्या डागांचं दार. राहणारे सगळे लांबून आलेले. बांधकामावर, पॅकिंगच्या कारखान्यात, रंगकामावर जाणारे. निम्म्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली, उरलेल्यांना परवाना मिळालेलाच नाही. सापडलं की गाडीत घालून सीमेपलीकडे सोडतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यांची तर तोंडं दोनदोनदा पोळलेली.

म्हणून ताईंनी वही केली ती दारांची. नाव नाही, गाव नाही. 'हिरवं दार, जाळी फाटलेली: दोन मुलं, मोठ्याचा कान वाहतो.' 'खडूचं दार: म्हातारबाबा, साखर, पाय बघणे.' 'तपकिरी दार, कडी उलटी: धाकटीचा तिसरा डोस बाकी.' पाच वर्षांत त्या वहीवर त्यांनी किती बाळंतपणं सुखरूप केली आणि किती पोरांना टोचलं याचा हिशोब त्या स्वतःही सांगत नाहीत. माणसं त्यांना दार उघडायची, कारण त्या कधी नाव विचारत नसत. त्यांनीच एकदा मला सांगितलं, त्या सहा वर्षांच्या असताना आईचं बोट धरून अशाच एका खोलीत राहायला आल्या होत्या. दुसऱ्या बाळंतपणात आईला दवाखान्यात नेलं नाही, कारण तिथे नाव विचारतात. एवढंच सांगितलं. पुढचं विचारलं तर पिशवी आवरायला लागल्या.

आता माझ्याकडे येतो. यायलाच हवं.

मुख्य कार्यालयाला दर महिन्याला तक्ता पाठवावा लागतो. एका महिन्यात तो तक्ता परत आला. 'पत्ता' हा रकाना रिकामा, म्हणून लाल शेरा. मी पुन्हा पाठवला, पुन्हा परत. वर साहेबांचा फोन, की रकाना रिकामा ठेवायला तुम्हाला पगार देतात का. मला अपमान सहन होत नाही, ही माझी खोड. ताई फिरतीवर होत्या, लसींच्या हिशोबासाठी काढलेली वहीची छायाप्रत माझ्या कपाटात होती. मी बसलो आणि एका बैठकीत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दारं त्या रकान्यात उतरवून काढली. सुवाच्य, एकसारख्या ओळीत. ताईंची भाषा धावपळीची, ती थोडी नीटही केली. तक्ता गेला आणि परत आला नाही. मला समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही. ताईंना सांगायचं मनातही आलं नाही. एक रकाना भरला, त्यात सांगण्यासारखं काय?

मग एका बुधवारी दुपारी दवाखान्यात बातमी आली की गोदामातून दोन कुटुंबं उचलली. पांढरा कोट घातलेली एक बाई पिशवी घेऊन आली, आरोग्य तपासणी आहे म्हणाली, दारं उघडली गेली आणि तिच्या मागून गाडी आली. त्यांना नेमकी दारं कशी सापडली, ते मी स्वतःला विचारलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिलो. बायकोने विचारलं काय होतंय, तर पित्त म्हणालो.

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचा फोन आला. तो आमच्या डॉक्टरीणबाईंनी घेतला आणि घेतल्या घेतल्या उभ्या राहिल्या. सोमवारी ताईंनी गोदामातून एका गरोदर बाईचं रक्त आणलं होतं. आठवा महिना संपत आलेला, पायांना सूज, डोकं दुखतंय, रक्तदाब चढा. ताईंनी तिला गोळी सुरू केली आणि बजावलं होतं की गुरुवारी सकाळी नऊला दवाखान्यात यायचंच. ती आली नव्हती.

"प्लेटलेट फार खाली गेल्यात, लिव्हरवर ताण आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच्या आज मूल काढायला हवं. झटके आले तर दोघंही हातची जातील. मी हॉस्पिटलला कळवते. तुम्ही तिला उचला आणि सरळ तिकडे न्या. कुठे राहते?"

ताईंनी वही उघडून दाखवली. 'पिवळं दार, खाली निळी पट्टी.'

गाडी मीच चालवतो, कारण आमच्याकडे चालकाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. त्या रकान्याबद्दल मात्र कुणी लाल शेरा मारत नाही. रस्त्यात ताई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. एका चौकात सिग्नलला थांबलो तर म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी ती म्हणत होती, दिव्याकडे बघवत नाही. मी तेव्हाच उचलायला हवी होती." मी म्हटलं, "सोमवारी एवढं नव्हतं ना पण." त्या म्हणाल्या, "माझ्या आईलाही दिव्याकडे बघवत नव्हतं." सिग्नल सुटला, मी गाडी काढली.

गोदामाच्या फाटकातून आत शिरलो आणि आधी वास आला, ताज्या तेलरंगाचा. ताई दोन पावलं चालून थांबल्या.

सगळी दारं करडी होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कोरीव चौकटीचं करडं, शटर करडं, खडूचं करडं. घाईघाईत फासलेला रंग, ओघळ उंबऱ्यापर्यंत आलेले, कुठे कडीलाही लागलेला. यातले कितीतरी जण रंगकामावर जातात. कामावरचे उरलेले डबे आणून रात्रीत उरकलं असणार. पिवळं नाही, निळी पट्टी नाही, काही नाही.

"मालकाने रंगवली वाटतं," मी म्हणालो. मला पक्कं ठाऊक होतं, की ज्या मालकाने पाच वर्षांत फुटकं कौल बदललं नाही तो रंगाचा डबा घेणार नाही.

ताई डाव्या हाताच्या सातव्या की आठव्या दाराशी गेल्या. दारांवरून खोली ओळखायची सवय, त्यामुळे मोजलेली कधी नव्हतीच. दार वाजवलं. "मी ताई. उघडा." आतून काही नाही. पुढचं वाजवलं. आत कुणाचं तरी मूल खोकलं आणि तो खोकला कुणीतरी हाताने दाबला, तो आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला. पुढचं, त्याच्या पुढचं. रंग अजून ओला होता. ताईंच्या बोटांची पेरं करडी झाली.

अंगणातल्या नळावर एक मावशी भांडी घासत होत्या. त्यांच्या पायाची जखम ताईंनी दोन महिने रोज येऊन बांधली होती, हे मला माहीत आहे, कारण पट्ट्या मीच द्यायचो. ताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"मावशी, पिवळ्या दाराची कुठे आहे? आठवा महिना आहे तिला."

मावशींनी मान वर केली नाही. "इथे पिवळं दार नाही."

"मावशी, तिच्या रक्तात बिघाड निघालाय. आज नेलं नाही तर ती जाईल. बाळासकट."

"कालची ती बाईही असंच गोड बोलली." त्यांनी पातेलं उपडं केलं. "ताई, तुम्ही आता येऊ नका. तुमच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. पण येऊ नका."

"मी काय केलं?"

तेव्हा मावशींनी वर बघितलं. "त्यांच्या हातात कागद होता. वाचत होते आणि एकेका दारापुढे उभं राहत होते. मी इथेच होते, या कानांनी ऐकलं. 'तपकिरी दार, कडी वरच्या बाजूस.' आमच्या दारांची यादी जगात एकच जण करतं, ताई."

ताईंनी पिशवीतून वही काढली, पानं उलटली, ते पान मावशींपुढे धरलं. मावशींना वाचता येत नाही, हे त्या घाईत विसरल्या. "हे बघा, ही वही माझ्याकडेच आहे. मी कुणाला दिलेली नाही. आणि मी असं लिहिलेलंच नाही, मी 'कडी उलटी' लिहिलंय, हे बघा ना!"

'कडी वरच्या बाजूस.' ते शब्द माझे होते. 'कडी उलटी' मला गावंढळ वाटलं होतं, म्हणून मीच ते नीट केलं होतं.

माणसाला आपली खरी लायकी कळायला एक मिनिट पुरतं. ते मिनिट मी घड्याळाकडे बघत काढलं. बारा वाजून दहा मिनिटं. डोक्यात काय काय आलं ते सांगतो. ही बाई दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत सापडेल. ताई समजावतील, त्यांना सगळं जमतं. कागद दुसऱ्या कुणाचा असेल. नोकरीची चार वर्षं उरलीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ताईंना कळलं तर त्या माझ्याशी पुन्हा कधी चेष्टा करणार नाहीत. कोण मरतंय, कोण जगतंय, आणि मला चेष्टेची पडली होती!

ताई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या होत्या आणि दारांशी बोलत होत्या. "दिवा सहन होत नाहीये तिला. पोटाच्या वर दुखतंय का, विचारा. ओकारी झाली असेल तर वेळ नाहीये हो. मला आत घेऊ नका, तिला फक्त बाहेर आणा. मी दूर उभी राहते, फाटकाबाहेर उभी राहते." एवढ्या वर्षांत त्यांना विनवण्या करताना मी पाहिलं नव्हतं. एकही कडी वाजली नाही.

मग मी बोललो. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, खिडकीतून बोलणारा माणूस मी.

"यादी मी दिली. ताईंनी नाही. मी दवाखान्याचा कारकून. कार्यालयाला तक्ता पाठवायचा होता, पत्त्याचा रकाना रिकामा होता, तो मी भरला. ताईंना विचारलं नाही, सांगितलंही नाही. 'कडी वरच्या बाजूस' हे माझे शब्द आहेत. तुमच्या त्या दोन घरांचं पाप माझ्या डोक्यावर आहे. मला काय करायचं ते करा. पण त्या बाईला ताईंच्या हातात द्या."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या रस्त्यावर अचानक खड्डा दिसावा आणि माणूस नुसता थबकावा, तसं. मग त्यांनी तोंड फिरवलं.

मावशी उठल्या, ओले हात पदराला पुसले आणि चालत गेल्या. आम्ही वाजवलेल्यांपैकी एकाही दाराकडे नाही, समोरच्या रांगेतल्या शेवटच्या शटरकडे. काहीतरी हळू बोलल्या. शटर गुडघ्याएवढं वर झालं, मग कमरेएवढं. दोन बायकांनी तिला वाकवून बाहेर काढलं. तोंड सुजलेलं, एक हात डोळ्यांवर, दुसरा पोटावर. कालपासून ती माणसं तिला खोल्या बदलत लपवत होती. वाचवत होती बिचारी आपल्या परीने.

ताई धावल्या. मी गाडी मागे घेतली.

मागच्या सीटवर ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिच्या डोळ्यांवर रुमाल धरून. निम्म्या रस्त्यात म्हणाल्या, "भाऊ, हाताची बोटं उडायला लागलीत." मी हॉर्नवरचा हात काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोन सिग्नल मोडले. डॉक्टरीणबाईंनी फोन करून ठेवला होता, स्ट्रेचर दारातच होतं. ते आत गेलं आणि दाखल करायच्या खिडकीतून एक आवाज आला, चष्मा नाकावर, पेन हातात, हुबेहूब मी.

"नाव?"

ताईंनी मला आधीच मागे सारलं आणि एक नाव सांगितलं. खरं की खोटं, मला ठाऊक नाही.

"पत्ता?"

मी पुढे झालो आणि माझ्या घरचा पत्ता सांगितला. गल्ली, मजला, दाराचा नंबर, सगळं.

"तुमचं नातं?"

"मामा," मी म्हणालो. "सख्खा."

त्याने माझ्याकडे बघितलं, लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. त्याचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं.

पावणेदोन तास आम्ही त्या बाकावर बसलो. ताई या टोकाला, मी त्या टोकाला. आतून झटका आला, इंजेक्शन दिलं, आता नेतायत, एवढं एकेक करून कळलं. ताई पेरांवरचा करडा रंग नखाने खरवडत होत्या. मी एकदा म्हणालो, "ताई, मला माफ करा." त्या म्हणाल्या, "आत्ता नको." मग दार उघडलं आणि एका नर्सबाईंनी सांगितलं, मुलगी आहे, लहान आहे, काचेत ठेवलीये. आई बेशुद्ध आहे पण धोका टळतोय. ताई भिंतीकडे तोंड करून रडल्या. मीही रडलो. आमच्यात तेवढंच सामायिक उरलं होतं.

पुढचे नऊ दिवस ताई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पट्ट्या द्या, गाडी काढा, बर्फाचा डबा कुठे आहे. दहाव्या दिवशी खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या तपकिरी दारातल्या धाकटीचा तिसरा डोस राहिला." मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "कुठे असेल ती, कोण टोचेल तिला?" मी वरच्या साहेबांना तीन अर्ज केले, एक समक्ष जाऊन दिला. कुणी सांगितलं नाही. आजतागायत ती दोन कुटुंबं कुठे आहेत ते मला माहीत नाही आणि हे लिहून माझ्या मनावरचं ओझं गुंजभरही हलकं होत नाही.

ताईंनी ती वही गोदामाच्या नळाखाली धरली, सगळ्यांदेखत, शाई धुवून जाईपर्यंत. आता त्या त्रेचाळीस दारं डोक्यात ठेवतात. सकाळी दवाखान्यातून निघताना ओठ हलत असतात, पाढे म्हणावेत तसे. दारं करडीच आहेत. काही घरं ताईंना उघडतात, काही अजून उघडत नाहीत. त्या प्रत्येक दार वाजवतात, थांबतात, पुढे जातात. आठवड्यातून दोनदा मी त्यांची पिशवी घेऊन बरोबर जातो. मला अंगणात नळापाशी उभं राहायचं असतं, असा त्यांचा नियम आहे. दारं बंद होतात तेव्हा मी बाहेर असतो. ते बरोबरच आहे.

आमचा तक्ता कार्यालयातून दर महिन्याला परत येतो. मी तो तसाच परत पाठवतो. साहेबांनी एकदा बदलीची धमकी दिली, एकदा पगार रोखला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर काहीतरी कडक पत्र लिहिलं म्हणे. पुढचं पुढे बघू.

परवा सकाळी रांगेत एक बाई उभी होती, खांद्याशी गुंडाळलेलं मूल. खिडकीशी आली तेव्हाही मी ओळखलं नाही, कारण तोंडावरची सूज उतरल्यावरचा तो चेहरा मी पाहिलाच नव्हता. मागून ताई म्हणाल्या, "पहिली लस आहे हिची. उशीर झालाय, वजन भरत नव्हतं." मी सवयीने पेन उचललं. तोंडातून शब्द निघायच्या आत जीभ चावली.

ती बाई माझ्याकडे बघत होती. हसली नाही. हॉस्पिटलच्या कागदावरचं नातं तिला कुणीतरी वाचून दाखवलं असणार. ती कट्ट्यावर वाकली आणि तिने मला मुलीचं नाव सांगितलं. अगदी हळू. रांगेतल्या दुसऱ्या माणसालाही ऐकू गेलं नाही.

मग म्हणाली, "पण लिहू नका, मामा."

मी पेन खाली ठेवलं. नाव माझ्या लक्षात आहे.